लहानग्यांना शिकवायलाही शिकावे लागते

आपल्या वस्तीत शिक्षणाचा विषय निघाला की बोलणे दहावीच्या टक्क्यांपासून सुरू होते आणि स्पर्धा परीक्षेपर्यंत जाऊन थांबते. कोणाचा मुलगा इंजिनिअर झाला, कोणाची मुलगी नर्सिंगला लागली, याची चर्चा विहाराच्या पायरीवर रोज होते आणि ती व्हायलाच हवी. पण तीन वर्षांचे मूल सकाळभर कोणाजवळ असते, ती बाई त्याच्याशी काय बोलते, त्याला काय करायला लावते आणि हे काम तिने कोठे शिकून घेतले आहे का, हा प्रश्न मात्र क्वचितच निघतो. लहान मूल नुसते सांभाळायचे, खरे शिकवणे पहिलीत सुरू होते, अशी आपली समजूत असते. ही समजूत आमच्याच घरात कशी मोडली, ते आज वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

आम्ही बारामतीत एका कार्यालयात कारकून आहोत. बी.कॉम. झाल्यापासून आमचा दिवस आवक-जावक रजिस्टर, व्हाउचर आणि शिक्के यांत जातो आणि सुटीचा दिवस महिला मंडळाच्या कामात. सासर इंदापूर तालुक्यातले. बारामतीहून इंदापूरची एस.टी. धरली की काटेवाडी, सणसर, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी अशी गावे लागतात आणि दोन्ही अंगाला ऊस सोबत करतो. याच तालुक्यातील एका गावात आमच्या धाकट्या जाऊबाई अंगणवाडीत मदतनीस आहेत. बारावी झाल्या आणि लगेच लग्न झाले. पुढे शिकायचे राहून गेले.

कोरोनाच्या काळात अंगणवाड्या बंद होत्या. २०२२ साली त्या पुन्हा भरू लागल्या, तेव्हा जाऊबाईंपुढे जी मुले आली ती वेगळीच होती. चार-चार वर्षांची झाली तरी घराबाहेरच्या माणसाशी कधी बोललेली नव्हती. काही आईच्या पदराला धरून रडत, काही कोपऱ्यात बसून राहत. सेविकाबाई भल्या होत्या, पण लसीकरण, वजने, गरोदर मातांची नोंद, पोषण आहार आणि मोबाइलवर पोषण ट्रॅकर भरणे यातच त्यांची सकाळ जाई. मुलांजवळ उरत त्या जाऊबाई. एका रविवारी भाकरी थापता थापता त्या आम्हाला म्हणाल्या, "अक्का, मला मुलं गप बसवता येत्यात, पण बोलती करता येत न्हाईत. ते कुठं शिकवत्यात?"

हा प्रश्न आमच्या मनात घर करून बसला. सासूबाई चुलीशेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, "लेकरं सांभाळायला परीक्षा कशाला गं लागतीय? आम्ही सहा वाढवली. कुणी सर्टिफिकेट मागितलं व्हतं का आमाला?" सासूबाईंचे म्हणणे खोटे नव्हते. पण घरातली आपली सहा मुले एकेक करून वाढवणे वेगळे आणि पंचवीस घरांतली पंचवीस मुले एका खोलीत एकाच वेळी सांभाळणे वेगळे. त्यात कोणाचे वडील कारखान्यावर, कोणाची आई दुसऱ्याच्या शेतात खुरपायला. कोणी उपाशी आलेले, कोणी रात्रीचे भांडण पाहून आलेले. घरच्या मायेला येथे कसबाची जोड लागते आणि कसब म्हटले की ते कोणाकडून तरी शिकावे लागते.

ऊसतोडीच्या हंगामात तर हे फारच जाणवते. भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर अशा कारखान्यांच्या परिसरात दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून टोळ्या येतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, त्यामुळे आजारपणातही फडात जावे लागते. पहाटेच्या थंडीत आई-बाप फडात, आणि दोन-तीन वर्षांचे मूल बांधावर किंवा कोपीत सात वर्षांच्या बहिणीजवळ. त्या बहिणीची शाळा त्या दिवसापासून बुडालेली. अशी चार-पाच मुले हंगामात जाऊबाईंच्या अंगणवाडीत येऊ लागली. त्यांची बोली वेगळी, गावातली मुले त्यांना हसत. चार-पाच महिन्यांनी ती निघून जाणार. त्या थोड्या महिन्यांत त्या मुलाला काय द्यायचे, हे नुसत्या मायेने उमगत नाही.

म्हणून ठरले की जाऊबाईंनी शिकायचे. पण कोठे? येथे आमचा कारकुनी धंदा कामास आला, तो असा.

वस्तीतल्या एका भगिनीने आधीच एका क्लासमध्ये नाव घातले होते. दुकानाच्या वर भाड्याची खोली, बाहेर रंगीत फलक, 'शासनमान्य', 'शंभर टक्के नोकरी', 'सहा महिन्यांत बालशिक्षिका'. फी १४ हजार. तिने गळ्यातले मणी गहाण ठेवून ती भरली. सहा महिन्यांत दोनशे पानांची झेरॉक्स, भिंतीला लावायचे तक्ते आणि शेवटी सोनेरी कडांचे प्रमाणपत्र मिळाले. मूल मात्र एकही समोर बसवले नाही. नोकरीचा अर्ज घेऊन ती ज्या शाळेत गेली तेथे त्या प्रमाणपत्राकडे कोणी पाहिलेही नाही. तिने तो कागद आमच्यापुढे ठेवला. कागद वाचताना आम्ही आधी शिक्का वाचतो, मग सही, मग मधला मजकूर. खाली 'रजि. नं.' म्हणून जो आकडा होता तो त्या संस्थेच्या नोंदणीचा होता. संस्था नोंदणी कायदा १८६० सालचा आहे. त्याखाली सात माणसे एकत्र येऊन मंडळ नोंदवू शकतात. आपले महिला मंडळही तसेच नोंदवलेले असते. त्या आकड्याचा अर्थ एवढाच, की अशी एक संस्था अस्तित्वात आहे. तिच्या अभ्यासक्रमाला कोणी मान्यता दिली आहे, असा त्याचा अर्थ मुळीच होत नाही. नोंदणी वेगळी आणि मान्यता वेगळी. हा फरक न कळल्यामुळे आपल्या कितीतरी लेकींचे दागिने गेले असतील.

मग खरा कागद कोणता? शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषद आहे. तिचा कायदा १९९३ सालचा. या परिषदेच्या २०१४ च्या नियमांत पूर्वप्राथमिक शिक्षणाची पदविका दोन वर्षांची आहे आणि तिला बारावीला ५० टक्के गुण लागतात, अनुसूचित जाती-जमातींना सवलत आहे. तो रस्ता पक्का, पण दोन वर्षे रोज हजर राहण्याचा. ज्या बाईला अंगणवाडी आणि घर सोडता येत नाही तिला तो कठीण. दुसरा रस्ता मुक्त विद्यापीठाचा. संसदेच्या १९८५ च्या कायद्याने स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची बालसंगोपन व बालशिक्षणाची पदविका आहे. बारावी झालेल्याला प्रवेश, कमीत कमी एक वर्ष, आणि जमेल तसे त्याहून अधिक काळ घेऊनही पूर्ण करता येते. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. या दोन कागदांचे वजन प्रत्येक नोकरीला सारखे धरले जात नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. म्हणून ज्या नोकरीसाठी शिकायचे तिची जाहिरात आधी हातात घ्यावी आणि तिच्यात कोणती पात्रता मागितली आहे ते वाचून मगच पैसे भरावेत. जाऊबाईंना आपल्याच अंगणवाडीत काम नीट करायचे होते, शिवाय पुढे सेविका व्हायची इच्छा होती. त्यांनी मुक्त विद्यापीठाची पदविका घेतली, माध्यम हिंदी.

दोन वर्षे लागली. रात्री सगळे निजले की त्या स्वयंपाकघरात दिव्याखाली पुस्तक उघडत. हिंदीतले अवघड शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवत आणि रविवारी आमच्याकडून अर्थ विचारून घेत. मुलांचे आरोग्य व आहार, बालसंगोपनाची केंद्रे कशी चालवावीत, मुलांसाठी देशात कोणत्या सेवा व योजना आहेत, असे विषय होते. शेवटी प्रत्यक्ष मुलांबरोबर काम करून लिहायचा प्रकल्प. परीक्षेला जायचे म्हणजे पहाटेची गाडी. धाकट्या दिरांनी त्या दिवसांत मुलांचे डबे केले आणि शेजारणींच्या हसण्याकडे लक्ष दिले नाही. घरात एक बाई शिकते तेव्हा पुरुषालाही काही नवे शिकावे लागते, हे आम्ही जवळून पाहिले.

मुख्य म्हणजे पुस्तकातले बरेचसे सासूबाईंच्या पदरात आधीपासून होते. चिंचोके, सागरगोटे, जात्यावरची गाणी, बोटांवरचे खेळ, रात्रीच्या गोष्टी. पुस्तकाने जाऊबाईंना एवढेच दाखवले की यातले प्रत्येक काय काम करते. काळे आणि तांबूस चिंचोके वेगळे करणारे मूल वर्गवारी शिकते, ती पुढे गणितात लागते. ओंजळीतले धान्य न सांडता भांड्यात ओतणारे मूल हात आणि डोळा यांचा मेळ शिकते. गोष्ट ऐकून 'मग काय झालं?' असे विचारणारे मूल वाचायच्या वाटेवर असते. जाऊबाईंनी सासूबाईंना अंगणवाडीत नेऊन गोष्ट सांगायला बसवले. त्या दिवसापासून सर्टिफिकेटविषयी सासूबाईंची तक्रार बंद झाली.

प्रकल्पाच्या वहीत एका ऊसतोड कुटुंबातल्या मुलाची नोंद आहे. पहिले आठ दिवस तो तोंड उघडीना. जाऊबाईंनी त्याला बोलायचा आग्रह केला नाही. त्याच्या बोलीतले दोन-चार शब्द त्याच्या बहिणीकडून शिकून घेतले आणि ते सगळ्या मुलांना गाण्यात घालून म्हणायला लावले. आपल्या घरचा शब्द साऱ्यांच्या तोंडी ऐकून तो हसला, आणि दुसऱ्या दिवशी त्याने बैलाचे नाव सांगितले. मूल कसे बोलते होते, या जाऊबाईंच्या प्रश्नाचे उत्तर त्यांना असे मिळाले. मुलाची घरची भाषा आधी वर्गात यावी, मग शाळेची भाषा त्याच्याकडे जाते.

वाचकहो, हे काही आज निघालेले शास्त्र नाही. सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींच्या शाळेत शिकवायला सुरुवात केली हे आपण जयंतीला सांगतो. पण त्यांनी अहमदनगरला मिस फरार यांच्या आणि पुण्यात मिचेलबाईंच्या संस्थेत अध्यापनाचे शिक्षण घेतल्याचे त्यांच्या चरित्रांत नोंदले आहे, ते सांगायचे राहते. अंगावर शेणाचे गोळे झेलणाऱ्या सावित्रीबाई धीराच्या होत्याच, पण त्या शिकून तयार झालेल्या शिक्षिकाही होत्या. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यात प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, शेतकरी वर्गातून घेतलेले असावेत म्हणजे ते लोकांत मिसळतील, आणि त्यांना दरमहा १२ रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, अशा मागण्या आहेत. शिक्षक आपल्यातला असावा, तो शिकलेला असावा आणि त्याला पोटभर पगार मिळावा, या तिन्ही गोष्टी जोतिरावांनी एकत्र मागितल्या होत्या. अंगणवाडीत आज स्थानिक बाई नेमतात, म्हणजे पहिली मागणी बरीचशी पुरी झाली. राहिलेल्या दोन अजून अर्ध्यावर आहेत.

शहरात 'मॉन्टेसरी' असा फलक दिसला की आपल्याला वाटते ही श्रीमंतांची शाळा. पण मारिया मॉन्टेसरी या डॉक्टर बाईंनी आपले पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातील सान लोरेंझो या कामगार वस्तीत उघडले. आई-बाप कामाला गेल्यावर चाळीतून हुंदडणाऱ्या गरिबांच्या मुलांसाठी ते होते. म्हणजे जी पद्धत कष्टकऱ्यांच्या पोरांसाठी निघाली तीच पुढे महागड्या फीच्या फलकावर चढली. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी ती पुन्हा खाली आणली. १९२६ साली गिजुभाई बधेका यांच्यासह त्यांनी नूतन बाल शिक्षण संघ सुरू केला आणि १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या. दलित आणि आदिवासी मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तेथला. महागड्या साहित्याऐवजी दगड, बिया, पाने, माती वापरली. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ होत्या. बालपणीच वैधव्य आलेल्या या बाईंनी बोर्डी आणि पुढे कोसबादला सारे आयुष्य या मुलांसाठी दिले. सरकारची एकात्मिक बालविकास योजना त्यानंतर, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, देशात ३३ ठिकाणी सुरू झाली.

आता आपल्या वस्तीतल्या एका अडचणीविषयी. जाऊबाईंनी पदविकेला नाव घातल्यावर मुलांच्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि माती, मणी, कागद दिले. महिनाभरात पालक विचारू लागले. विहारात रविवारी बैठक घेतली. आमचे मंडळही होते. एक गवंडीकाम करणारे बंधू उठून म्हणाले, "बाई, शहरात माझ्या पोराएवढी पोरं ए बी सी डी लिहित्यात. आमचं नुसतं खेळतंय. आम्ही काय खेळायला धाडतो का?" त्यांचे दुःख खरे होते. ज्या समाजाला हजारो वर्षे अक्षरापासून दूर ठेवले, त्याला मुलाच्या हातातली पाटी दिसली नाही की भीती वाटणारच. आपली मुले मागे पडतील, ही भीती आपण सोसलेल्या इतिहासातून आली आहे. तिला कोणी हसू नये.

जाऊबाईंनी त्यांनाच विचारले, "दादा, तुम्ही कामावर गेला तेव्हा पहिल्या दिवशी भिंत बांधायला दिली होती का?" ते म्हणाले, "न्हाई. आधी माल कालवायला, विटा द्यायला. हात बसल्यावर थापी दिली." जाऊबाई म्हणाल्या, "तसंच हे. तीन वर्षांच्या मुलाच्या बोटांत अजून जोर नसतो. माती मळून, मणी ओवून, कागद फाडून तो येतो. तेव्हा थापी द्यायची." बैठकीत हशा पिकला, पण मुद्दा पोचला. सगळ्यांनाच पटला असे नाही. एका घराने मूल काढून इंग्रजी शाळेत घातले. पण गवंडीबंधूंचा मुलगा पहिलीत गेला तेव्हा त्याने पेन्सिल धरायला फारसा वेळ घेतला नाही, आणि हे सांगायला ते स्वतः आले. शिकलेल्या बाईला आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे पालकांना न दुखावता समजावणे.

जातीचा प्रश्नही याच वयात पहिल्यांदा भेटतो. बाबासाहेबांना लहानपणी शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे आणि ते गोणपाट रोज घरी न्यावे लागे, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. आज गोणपाट नाही. पण एका गावात (त्याचे नाव येथे देत नाही) मदतनीस बाई आपल्या समाजाची आहे म्हणून तिने शिजवलेली खिचडी न खाता काही मुले घरून डबा आणत, हे आम्ही पाहिले आहे. तीन वर्षांच्या मुलाला जात ठाऊक नसते. आपण डबा का आणला हे त्याला कळत नाही, पण कोणाच्या हातचे खायचे नाही एवढे तो पाठ करतो. तेथल्या बाईंनी भांडण काढले नाही. सर्वांना गोल बसवून मुलांनाच एकमेकांना वाढायला लावले. वाढण्याच्या हौसेपायी डबे हळूहळू उघडायचेच राहू लागले. एका घरचा डबा मात्र शेवटपर्यंत येत राहिला. प्रमाणपत्राने जात जात नाही. बाईला मान मिळावा म्हणून तिच्याजवळ कागद असावा लागतो असेही आम्ही म्हणत नाही, तो मान माणूस म्हणून तिचा आहेच. पण मुलांच्या मनात पहिली रेघ कोण ओढते आणि कोण पुसते, हे बघायला शिकलेली बाई तेथे असावी लागते.

कायद्याची बाजूही ठाऊक असावी. संविधानाच्या मूळ ४५ व्या कलमात चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे होते. त्यात खालची वयोमर्यादा नव्हती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयाच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला, ही मोठी गोष्ट झाली. पण सहा वर्षांखालची मुले ४५ व्या कलमातच, प्रयत्नाच्या यादीत, राहिली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या ११ व्या कलमात तीन वर्षांवरील मुलांसाठी शासन व्यवस्था करू शकेल असे आहे, केलीच पाहिजे असे नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते असे नमूद करून तीन ते आठ हा पायाभूत टप्पा धरला. बारावी किंवा पुढे शिकलेल्या अंगणवाडी सेविकांना सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाचा अभ्यासक्रम द्यावा असेही त्यात आहे. तेव्हा आपल्या भागातील सेविकांना हे प्रशिक्षण मिळाले का, असे विचारणे हा आपला हक्क आहे.

पैशाचेही लपवून ठेवत नाही. २०२४ च्या अखेरीस जाऊबाईंचा निकाल लागला, पदविका हाती आली, पण त्या पदविकेने मानधन एका रुपयानेही वाढले नाही. मदतनिसेचे मानधन मदतनिसेचेच. सेविकेची जागा निघेल तेव्हा त्या अर्ज करतील. शिकलेल्या हातांना मोल मिळायचे तर शिक्षणाबरोबर संघटनाही लागते. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविका व मदतनिसांनी संप केला तो याचसाठी. त्याआधी २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निकाल दिला आणि त्या देत असलेल्या पूर्वप्राथमिक शिक्षणाचीही दखल घेतली. त्यांचे काम शिक्षणाचे आहे हे न्यायालयाला पटले. आता ते आपल्या वस्तीला पटायला हवे.

म्हणून आमच्या भगिनींना आणि बंधूंना सांगणे आहे. घरातली मुलगी किंवा सून बालशिक्षिका होऊ म्हणत असेल तर 'पोरं सांभाळायचंच ना' असे म्हणून तिला थांबवू नका. मात्र फी भरण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी विचारा. प्रमाणपत्र कोण देणार, विद्यापीठ की क्लासच? त्याला मान्यता कोणाची, त्या आदेशाची प्रत दाखवाल का? आणि प्रत्यक्ष मुलांबरोबर किती दिवस काम करायला मिळेल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही तर तेथून उठून या. महिला मंडळांनी विहारात आठवड्यातून दोन संध्याकाळी दिवा आणि बसायला जागा दिली, तरी शिकणाऱ्या चार बायांचा अभ्यास होतो. ज्यांना अर्ज भरता येतो, हिंदी-इंग्रजी वाचता येते, अशा आपल्या नोकरदारांनी त्यांच्यासाठी रविवारचा एक तास काढावा. आमच्या मते वर्गणीइतकेच ते मोलाचे आहे.

आणि अंगणवाडीच्या पालकसभेला जा. आहार मिळतो का, वजन घेतात का, हे विचाराच. त्याबरोबर बाईंना हेही विचारा, 'तुम्हाला हे शिकवायला कोणी शिकवले?' कोणीच नाही, असे उत्तर आले तर त्या बाईंना नावे ठेवू नका. त्यांना शिकता यावे म्हणून त्यांच्याबरोबर तालुक्याच्या बालविकास कार्यालयात अर्ज घेऊन चला.